अंडं कुणी द्यायचं?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडून एक काम करून घ्यायचंय.

आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद वर्षातून दोन-तीनदा पेटतो. कुठल्यातरी अब्जाधीशाच्या घरच्या लग्नाचे फोटो येतात आणि कुणीतरी लिहितं, "एवढा पैसा गरिबांना दिला असता तर किती घरं उभी राहिली असती!" लगेच दुसरा उत्तर देतो, "वाटलेला पैसा चार दिवसांत संपतो. कारखाना टाकला तर हजार घरं चालतात. दान नको, गुंतवणूक पाहिजे." मग दोन पार्ट्या पडतात, मधेच राजकारण घुसतं आणि शेवटी ॲडमिन "गुड नाईट" टाकून विषय बंद करतो.

मी गेली वीसेक वर्षं तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करतोय. कारखान्यांची भूमिपूजनंही कव्हर केली आणि शेठ लोकांच्या देणग्यांचे कार्यक्रमही. त्यामुळे या वादावर एकदा सविस्तर लिहायचं होतं. आणि त्यासाठी मुंबईपर्यंत जायची गरज नाही. आपल्या खानदेशात, बोरी नदीच्या काठी, याचं जिवंत उदाहरण आहे. अमळनेर.

२०२४ च्या फेब्रुवारीत तिथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा बाहेरच्या लोकांना अमळनेर म्हणजे साने गुरुजींचं गाव एवढंच माहीत होतं. ते आहेच. पण १९४५ च्या डिसेंबरमध्ये याच गावात 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाची कंपनी स्थापन झाली. वनस्पती तूप करायचं, साबण करायचा. हाशम प्रेमजी मालक. १९६६ मध्ये ते अचानक वारले आणि अमेरिकेत शिकणारा एकवीस वर्षांचा मुलगा शिक्षण अर्धवट सोडून परत आला. तो मुलगा म्हणजे अझीम प्रेमजी आणि ती कंपनी म्हणजे आजची विप्रो.

त्या काळात गावातल्या लोकांनी कंपनीचे शेअर घेतले. व्यापाऱ्यांनी घेतले, काही शेतकऱ्यांनी घेतले, काही नोकरदारांनी घेतले. बरेच जण घेऊन विसरले. पुढे कंपनी तुपावरून कॉम्प्युटरवर गेली, बोनस शेअर मिळत गेले, शेअरचं विभाजन झालं. ज्यांनी १९८० च्या आसपास शंभर शेअर घेतले आणि हात लावला नाही, त्यांच्या शेअरची संख्या आज कोटींच्या घरात आहे. साधा सदरा-पायजमा घालून बाजारात भाजी घेणारा माणूस प्रत्यक्षात कोट्यधीश आहे, हे अमळनेरात कुणाला नवल वाटत नाही. पोरीच्या लग्नाला शेअर विकायचे, घर बांधायला शेअर विकायचे, दवाखान्याला शेअर विकायचे.

आता सांगा, हे दान होतं का? नाही. कुणी कुणावर उपकार केले नाहीत. लोकांनी भांडवल दिलं, कंपनीनं नफा कमावला, नफ्यात लोकांचा वाटा होता. त्यामुळे घेणाऱ्याची मानही खाली गेली नाही. गुंतवणूकवाल्या पार्टीला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळायचं नाही.

आणखी एक देतो. आपल्या जळगावचं ठिबक. भवरलाल जैनांनी ठिबक सिंचन हा धंदा म्हणून केला, धर्मादाय म्हणून नाही. सोबत टिश्यू कल्चरची केळीची रोपं आली. जुन्या कंदाच्या लागवडीला केळी निघायला दीड वर्ष लागायचं, ते पीक वर्षभराच्या आत-बाहेर यायला लागलं. रावेर-यावल पट्ट्यात केळीवर ज्यांची घरं झाली त्यांना कुणी फुकट काही वाटलं नव्हतं. अर्थात हेही लक्षात ठेवा की ठिबकला सरकारचं अनुदान होतं, नाहीतर दोन-तीन एकरवाल्याला ते परवडलं नसतं. आणि २०१९ च्या सुमारास हीच कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली अडचणीत आली. धंदा म्हटला की हेही आलंच.

किंवा तुमच्या हातातला मोबाइल घ्या. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं. त्याआधी एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये जायचे. आज शेतमजुराचं पोरगं त्यावर पोलीस भरतीचे व्हिडिओ बघतं. अंबानींनी हे समाजसेवा म्हणून केलं नाही, बाजार काबीज करायला केलं. पण गरिबाला फायदा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणजे गुंतवणूकवाले जिंकले? थांबा जरा.

अमळनेरचीच दुसरी बाजू बघू. शेअरमुळे श्रीमंत कोण झालं? ज्याच्या खिशात त्या वेळी शंभर-दोनशे रुपये जास्तीचे होते तो. ज्याच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची खात्री नव्हती, त्यानं शेअर कुठून घ्यायचे? आणि चुकून घेतले असतील तर पहिल्याच दुष्काळात विकले असतील. शेअर चाळीस वर्षं सांभाळायला चाळीस वर्षं पोट भरलेलं लागतं. शिवाय कंपनी वाढली ती बंगळुरूत. कारखाना आपल्याकडे राहिला, पण आयटीच्या नोकऱ्या तिकडे. अमळनेर-पारोळ्याचं पोरगं इंजिनिअर झालं तर त्याला पुणे किंवा बंगळुरू गाठावंच लागतं. नंदुरबार-धुळ्याचा मजूर तर अजूनही सुरतेच्या गाडीत बसतो नाहीतर गुजरातेत ऊसतोडीला जातो.

त्याच गावात प्रताप मिल होती. प्रताप शेठ हा माणूस आजच्या शेठ लोकांनी अभ्यासावा असा. गिरणी काढली, हजारो हातांना काम दिलं. आणि गिरणीच्या पैशातून शाळेला दिलं, कॉलेजला दिलं, १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञानाची संस्था, कल्पना करा! साने गुरुजी १९२४ मध्ये शिक्षक म्हणून आले ते त्यांच्याच नावाच्या हायस्कूलमध्ये. आज गिरणीचा भोंगा वाजत नाही. शाळा आणि कॉलेज मात्र भरतंय. ज्याला आपण 'खरी मदत' म्हणतो ती गुंतवणूक बंद पडली आणि ज्याला 'वाटून संपणारा पैसा' म्हणतो त्या दानातून पिढ्यानपिढ्या शिकतायत. म्हणजे दान चार दिवसांत संपतं हा नियमही खरा नाही. कशाला दिलं यावर ते अवलंबून आहे.

आणि आजची गुंतवणूक कशी असते ते एमआयडीसीत जाऊन बघा. भूमिपूजनाला आकडा सांगितला जातो पाचशे रोजगारांचा. वर्षभरानं गेलं तर कायम कामगार चाळीस, बाकी सगळे ठेकेदाराचे. ठेकेदार दर काही महिन्यांनी माणसं बदलतो, म्हणजे कुणी कायम व्हायचा प्रश्नच नाही. पीएफ कापला जातो, भरला जातो की नाही देव जाणे. आमच्या भागातल्या एका कारखान्यात हात गेलेल्या पोराची बातमी करायला मी गेलो, तर हजेरीपटावर त्याचं नावच नव्हतं. गुंतवणूक आली, ठीक. पण त्या पोराच्या घरी काय आलं?

हे माझ्यासारख्या तालुक्याच्या पत्रकाराचंच रडगाणं नाही. केंद्र सरकारच्याच २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात लिहिलंय की २०२० ते २०२३ या आर्थिक वर्षांत कंपन्यांचा करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला, पण भरती आणि पगार त्या मानानं वाढले नाहीत. सरकारनंच उद्योगपतींना टोचलेलं हे बोट आहे.

आता दानाकडे येऊ.

आपल्याकडे कुणाला कॅन्सर निघाला की घरात पहिला शब्द निघतो, "टाटाला न्या." परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये टाटांच्या ट्रस्टनं सुरू केलं. कुठला गुंतवणूकदार गरिबाच्या कॅन्सरवर पैसा लावणार? त्यात परतावा काय? ते दानच लागतं. पण पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. १९५७ मध्ये हे हॉस्पिटल केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे सुरुवात दानानं झाली, पण गेली साठ वर्षं ते चालतंय प्रामुख्यानं सरकारच्या पैशावर. तुमच्या-माझ्या करावर. टाटांनी वाट पाडली, सरकारनं रस्ता केला. चांगल्या दानाचं काम एवढंच असतं आणि ते फार मोठं असतं.

प्रेमजींचंही तसंच. २०१९ च्या मार्चमध्ये त्यांनी विप्रोमधला आणखी मोठा वाटा आपल्या फाउंडेशनला दिला. विप्रोच्या मालकीतले ६७ टक्के आर्थिक लाभ आता फाउंडेशनकडे जातात. टाटा सन्समध्येही ६६ टक्के वाटा टाटांच्या ट्रस्टांकडे आहे. म्हणजे "दान की गुंतवणूक" हा प्रश्न या दोन घरांपुरता तरी चुकीचाच आहे. कंपनी कमावते म्हणून ट्रस्ट देतो.

आणि या पैशातून काय होतं? एकच गोष्ट सांगतो, आणि या पोस्टचा खरा विषय तोच आहे.

कर्नाटकात सरकारी शाळांच्या पोषण आहारात आठवड्यातून दोन दिवस अंडं सरकार देत होतं. २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशननं तीन वर्षांसाठी सुमारे १५०० कोटी रुपये द्यायचं कबूल केलं आणि तिथल्या मुलांना आठवड्याचे सहाही दिवस अंडं मिळायला लागलं. जो खात नाही त्याला केळं.

आता आपलं राज्य. महाराष्ट्रात २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं. सहा नाही, एक. २०२५ च्या जानेवारीत शासन निर्णय निघाला की अंड्यासाठी आणि गोड पदार्थाच्या साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही, शाळांनी लोकसहभागातून सोय करावी. वाचवले किती? वर्षाला सुमारे ५० कोटी. त्याच सरकारनं 'लाडकी बहीण'साठी वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज जाहीर केला होता. बहिणीला द्या, माझा विरोध नाही. पण बहिणीच्या पोराचं अंडं का काढलं?

मित्रांनो, एकदा विचार करा. अमळनेरच्या वनस्पती तुपातून सुरू झालेला पैसा कर्नाटकातल्या पोरांच्या ताटात अंडं ठेवतो. आणि अमळनेर ज्या राज्यात आहे ते राज्य आपल्या मुख्याध्यापकाला सांगतं की गावात वर्गणी करा. तो मुख्याध्यापक कुणाकडे जाणार? सरपंचाकडे, नाहीतर ज्याच्या शेतात पोरांचे आईबाप मजुरीला जातात त्याच्याकडे. म्हणजे गरिबाच्या पोराचं अंडं आता कुणाच्यातरी मर्जीवर.

दानाचा दोष हाच. मर्जी. देणारा ठरवतो कुणाला, किती, कुठे आणि कधीपर्यंत. कर्नाटकातलं अंडंही तीन वर्षांच्या करारावर आहे. पुढे काय, हे तिथल्या पोराच्या हातात नाही.

प्रेमजी-टाटा हे तर चांगल्यातले. बाकी आपल्याकडे येतं ते सीएसआर. २०१४ पासून कायदा आहे. ५०० कोटींची नेटवर्थ, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यातलं काहीही असलेल्या कंपनीनं तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची. कायदा चांगलाच आहे. पण शाळेत लावलेलं शुद्ध पाण्याचं मशीन बघा. उद्घाटनाला नारळ, फोटो, कंपनीच्या नावाची भली मोठी पाटी. सहा महिन्यांनी फिल्टर खराब. फिल्टरचे पैसे कुणाच्याच बजेटमध्ये नाहीत. मी अशा किमान पाच शाळा दाखवतो. पाटी चकचकीत आणि पोरं हापशावर.

शिवाय हा पैसा जातो कुठे? जिथे कंपन्यांची ऑफिसं आणि कारखाने, तिथे जास्त. सीएसआरच्या रकमेत महाराष्ट्र देशात सगळ्यात पुढे असतो, पण नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, धाराशिव हे केंद्राच्या यादीतले आकांक्षित जिल्हे त्याच महाराष्ट्रात आहेत. जिथे गरिबी जास्त तिथे कंपनी नाही, आणि कंपनी नाही म्हणून सीएसआरही नाही. अक्कलकुव्यातल्या बाईला ना गुंतवणूक मिळाली ना दान.

आता आकड्यांचा एक योगायोग सांगतो. मला तो विसरता येत नाही.

मार्च २०१९ मध्ये प्रेमजींच्या एकूण दानाचा आकडा जाहीर झाला. १ लाख ४५ हजार कोटी रुपये. एका माणसानं आयुष्यभर कमावून दिलेली, या देशातली बहुधा सगळ्यात मोठी देणगी. त्याच वर्षी २० सप्टेंबरला केंद्र सरकारनं कंपन्यांचा मूळ कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. या सवलतीमुळे सरकारचं किती उत्पन्न जाणार हे अर्थमंत्र्यांनी त्याच दिवशी सांगितलं. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये.

दोन्ही आकडे अगदी तेच. फरक एवढाच की एक आयुष्यभराचा आहे आणि दुसरा एका वर्षाचा.

देशभरातल्या सगळ्या कंपन्यांचा सगळा सीएसआर मिळून वर्षाला तीस-पस्तीस हजार कोटी होतो. कंपनी कर मात्र नऊ लाख कोटींच्या आसपास. आता सांगा, गरिबाला कशाचा जास्त उपयोग? आपण ग्रुपवर भांडतो दान की गुंतवणूक म्हणून, आणि तिसरी गोष्ट, जी दोन्हींपेक्षा मोठी आहे, ती कुणी बोलतच नाही. कर. आणि त्या कराचं सरकार काय करतं.

"सरकारला पैसा दिला तर खाऊन टाकतात," असं कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. खातात. वीस वर्षं त्याच बातम्या करतोय. पण सरकारी पैसा कुठे गेला हे मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकून विचारू शकतो. ग्रामसभेत उभं राहून विचारू शकतो. नाही आवडलं तर पाच वर्षांनी पाडू शकतो. शेठला पाडता येत नाही. त्यानं मशीन लावलं तरी आभार मानायचे आणि काढून नेलं तरी आभार मानायचे. हक्क आणि उपकार यात हाच फरक.

"कर वाढवला तर उद्योग पळून जातील." हेही येणार. भीती अगदी खोटी नाही. पण उद्योग फक्त कर बघून येत नाही. वीज, पाणी, रस्ता, शिकलेली आणि धडधाकट पोरं बघून येतो. आणि धडधाकट पोरं कशानं होतात? मी अंड्यावर उगीच अडलेलो नाही.

माझं मत आता स्पष्ट सांगतो. अब्जाधीशांनी गुंतवणूक करावी, कारण कष्टाचा पैसा दानापेक्षा मानाचा. पण ती गुंतवणूक म्हणायची कधी? कायम नोकरी, वेळेवर पगार, भरलेला पीएफ आणि शेतकऱ्याचे वेळेवर पैसे असतील तेव्हा. जिथे नफा नाही म्हणून गुंतवणूक येणार नाही, तिथे त्यांनी दान करावं, आणि प्रताप शेठ किंवा टाटांसारखं करावं, जे मागे काहीतरी उभं ठेवून जाईल. पण सात वर्षांच्या पोराचं जेवण हे ना गुंतवणुकीचं काम आहे ना दानाचं. ते सरकारचं काम आहे, आणि त्यासाठी कर आहे. ज्या राज्यानं २०२५ च्या जानेवारीत दावोसला पंधरा लाख कोटींहून जास्त रकमेचे करार केल्याचं अभिमानानं सांगितलं, त्याच राज्यानं त्याच महिन्यात पन्नास कोटींसाठी पोरांच्या ताटाला हात लावावा, हे मला पटत नाही.

आता तुमचं काम.

तुमच्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या सरकारी शाळेत या आठवड्यात एकदा जा. तीनच गोष्टी विचारा. पोषण आहारात अंडं किंवा केळं शेवटचं कधी दिलं? दिलं असेल तर पैसे कुणाचे? आणि कुठल्या कंपनीनं काही वस्तू दिली असेल तर ती आज चालू आहे का? गुरुजी-मॅडमना त्रास देऊ नका, त्यांचा यात दोष नाही. गावाचं नाव आणि उत्तर खाली कमेंटमध्ये लिहा. पोरांचे फोटो टाकू नका. पन्नास गावांची माहिती जमली तरी ती यादी घेऊन मी आपल्या आमदारांकडे आणि झेडपीच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईन. त्यांचं उत्तर, जे असेल ते, इथेच टाकतो.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आधी शाळेत जाऊन या.